गुरुवारलोक

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची बैठक झाली. गच्चीवरच्या टाकीला तडा गेला होता आणि नवी टाकी यायला अवकाश होता. तोवर काय करायचं यावर बरंच बोलणं झालं. तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलेला, हिंजवडीला नोकरी करणारा एक मुलगा म्हणाला, "सध्या गुरुवारलोक करून घेऊ, मग बघू." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त त्याच्या बायकोने हळूच विचारलं की हा शब्द नेमका आला कुठून. त्यावर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी खुलासा केला. शहरात पाइपलाइनच्या कामासाठी पाणी गुरुवारी बंद ठेवतात, दुरुस्तीचे लोक गुरुवारी येतात, तोवर आपण काहीतरी बांधून ठेवतो, म्हणून गुरुवारलोक. हे सगळ्यांना पटलं. इतकं चपखल होतं ते, की क्षणभर मलाही पटलं.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर टाकी राहिली असती बाजूला आणि सगळे गप्प झाले असते. त्या बैठकीतल्या बऱ्याच लोकांनी माझ्या नवऱ्याला पाहिलेलं नाही. पण तो शब्द त्यांचा. आमच्या स्वयंपाकघरात तो पहिल्यांदा उच्चारला गेला, आणि तिथून तो जिन्यात कसा गेला हे माहीत असलेल्यांपैकी आता मी आणि माझी मुलगी एवढ्याच उरलो आहोत.

आम्ही दोघं वाशीमकडचे. आमच्या बोलीत 'लोक' म्हणजे माणसं तर आहेतच, पण 'लोक' म्हणजे 'पर्यंत'सुद्धा. आतालोक म्हणजे आतापर्यंत, घरालोक म्हणजे घरापर्यंत. हे आयटीआय करून पुण्याला आले आणि भोसरीतल्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीला लागले. लग्न झाल्यावर मी आले. वारज्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, पुढे तिथेच जवळच्या इमारतीत फ्लॅट झाला. मी मराठीत एम. ए. केलेलं होतं, कोथरूडच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एका मुलीने 'का'ऐवजी माझं 'काऊन' ऐकून वहीत तोंड लपवलं, तेव्हापासून मी घराबाहेर पुस्तकातल्यासारखं बोलू लागले. हळूहळू घरातही. यांची बोली मात्र तशीच राहिली. कारखान्यात सगळ्या जिल्ह्यांची माणसं, तिथे कोण कोणाला हसणार?

त्या भागातल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. माझी रविवारी. त्यामुळे आमची सुट्टी कधी एका दिवशी आलीच नाही. गुरुवारी मी क्लासहून परत यायचे तेव्हा हे नुकते झोपून उठलेले असायचे, चेहऱ्यावर उशीची वळी. रविवारी हे कामावर आणि मी घरात कपडे वाळत घालत. संध्याकाळी जे काय भेटायचं ते भेटायचं.

फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच सुमारास स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप गळायला लागला. मी म्हटलं प्लंबरला बोलावू. त्यांनी ऐकून घेतलं, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, पाइपला घट्ट गुंडाळली, वरून तांब्याच्या तारेचे वेढे दिले आणि पक्कडीने पिळले. मग खाली हात धरून एक थेंब पडतो का ते पाहिलं.

"चालते ना गुरुवारलोक," म्हणाले. "गुरुवारी बसून नीट करतो."

गुरुवारी ते झोपले. पुढच्या गुरुवारी एक यंत्र बंद पडलं म्हणून कारखान्यातून बोलावणं आलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी गावाकडचा पाहुणा आला, त्याला येरवड्याला कोणाकडे तरी नेऊन सोडायचं होतं. पट्टी तशीच राहिली आणि काही वर्षं टिकली. मग कुकरच्या मुठीला तार आली. खिडकीच्या कडीच्या जागी पडद्याच्या रॉडचा तुकडा आला. मिक्सरचं बटण दाबलं की दाबलेलं राहत नव्हतं, त्यासाठी एक रबर आणि लाकडाची पाचर. प्रत्येक वेळी तेच वाक्य. हळूहळू वाक्य गळून गेलं आणि एवढाच शब्द राहिला. 'कडीचं काय झालं?' विचारलं की उत्तर यायचं, 'गुरुवारलोक केलं.'

मुलगी बोलायला लागली तेव्हा तिला वार कळत नव्हते, पण हा शब्द कळत होता. शाळेत नेहमीच्या बाई रजेवर गेल्या आणि दुसऱ्या आल्या, तर घरी येऊन तिने सांगितलं की आम्हाला आता गुरुवारलोक बाई आहेत.

घरातला शब्द घरातच राहायचा, पण समोरच्या दारात एक निवृत्त शिक्षिका राहत होत्या. सगळा जन्म पेठेत गेलेला, शाळेत मराठी शिकवलेलं. मुलाने इथे फ्लॅट घेऊन दिला आणि तो बंगळुरूला गेला. सगळी इमारत त्यांना बाई म्हणायची, आम्हीही. एकदा त्यांच्या दारावरची घंटा वाजेनाशी झाली. हे कामावरून आलेच होते, त्यांनी झाकण उघडलं, वायरला काळी पट्टी लावली, आत कागदाची घडी सरकवली आणि म्हणाले की चालते गुरुवारलोक. बाईंनी आभार मानले.

गुरुवारी सकाळी बाईंनी आमचं दार वाजवलं. यांनीच उघडलं.

"आज गुरुवार," बाई म्हणाल्या. "लोक कुठे आहेत?"

यांना वाटलं बाईंना काहीतरी झालं. त्यांनी मला हाक मारली. मी क्लासला निघाले होते, पर्स खांद्यावर घेऊनच दारात आले. बाईंनी शांतपणे सांगितलं की, तुमच्या यजमानांनी गुरुवारी लोक येतील असं सांगितलं होतं, मी आंघोळ लवकर आटोपून बसले आहे. मग मी त्यांना 'लोक'चा अर्थ सांगितला. बाई सहसा हसत नसत. त्या दिवशीही हसल्या नाहीत. "म्हणजे इतकी वर्षं मी मुलांना हा शब्द अर्धाच शिकवला," एवढं म्हणून घरात गेल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द उचलला. वॉचमनला, गॅसवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरींना त्या तो इतक्या ठामपणे ऐकवायच्या की समोरच्याला वाटायचं, असा शब्द आहेच आणि आपल्यालाच माहीत नव्हता. यांना त्या 'गुरुवारवाले' म्हणू लागल्या. "तुमचे गुरुवारवाले आहेत का घरात?" असं विचारत यायच्या आणि बसायच्या.

बाईंना शब्द कुठून आला हे शोधायचा नाद होता. हे काहीतरी बांधत, चिकटवत बसलेले असले की बाई खुर्चीत बसून सांगत राहायच्या. डागडुजीतली 'दुजी' म्हणजे दुसरी नव्हे, ती जरदोजीतली दोजी, म्हणजे शिवण, फारसीतून आलेली, असं त्यांचं मत होतं. मलमपट्टीतलं मलम अरबी. रफूही तिकडूनच आलेला. पण ठिगळ आपलं, थेट प्राकृतातलं, जुन्या जैन ग्रंथांत थिग्गल म्हणून सापडतं. म्हणजे बघा, त्या म्हणायच्या, फाटलेलं शिवायची वेळ माणसावर तेव्हाही यायचीच. आणि 'तात्पुरता'? तत् पुरता. तेवढ्यापुरता. त्याच्या पुढे काय, हे तो शब्द सांगत नाही.

हे ऐकत असायचे की नाही कोण जाणे. एकदा मात्र त्यांनी मान वर करून विचारलं, "आन् आमचा 'लोक' कुठून आला बाई?"

बाई म्हणाल्या, "ते मला ठाऊक नाही." मी त्यांच्या तोंडून हे वाक्य तेवढं एकदाच ऐकलं.

मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा यांचे पाय सुजायला लागले. सकाळी बूट चढेना. उभं राहून काम करतो म्हणून सुजतात, असं म्हणून त्यांनी नाडीचे बूट सोडून सँडल घातली. मग जिना चढताना दम लागायला लागला. भूक गेली, तोंडाला कसलीतरी चव येते म्हणायचे, लोखंड चाटल्यासारखी. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला की लगेच दाखल करा. रक्तदाब कित्येक वर्षांपासून वाढलेला असणार, कोणाला कळलं नाही, आणि दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली होती.

डायलिसिससाठी मानेत एक नळी घातली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "काका, ही तात्पुरती आहे. नंतर हातावर छोटं ऑपरेशन करू, ती कायमची व्यवस्था." हे मानेला पट्टी लावलेले, वळता येत नव्हतं, तसेच डोळे फिरवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनात काय आलं ते त्यांच्याही मनात आलं असावं. मी खिडकीकडे पाहायला लागले.

हातावरचं ऑपरेशन झालं. मनगटाच्या वर शीर आणि रोहिणी जोडतात, मग ती जागा फुगते आणि तिथे बोट ठेवलं की सतत थरथर जाणवते. नर्सने सांगितलं होतं की रोज बोट ठेवून पाहा, थरथर थांबली तर लगेच या. हे रोज सकाळी चहा घेताना डाव्या हातावर उजवं बोट ठेवून डोळे मिटून बसायचे, यंत्राला कान लावावा तसे. "बेअरिंग गेल्यावानी वाटते," म्हणायचे. "पण फिरून राह्यलं."

हे दवाखान्यातून घरी यायचे होते त्या दिवशी डायलिसिसच्या विभागात वार ठरवून घ्यायचे होते. आठवड्यातून दोनदा यावं लागणार होतं. काउंटरवरच्या मुलीने संगणकावर पाहिलं आणि सोमवार-गुरुवारची जागा रिकामी आहे म्हणाली, दुसरी कुठलीच नाही. मी हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर मी यांना वार सांगितले. कर्वे पुतळ्याच्या सिग्नललोक ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आला बाप्पा गुरुवार एकदाचा."

आणि हसले. मला हसता आलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरातून तो शब्द गेला. कोणी ठरवलं नव्हतं. सोमवारी रक्त धुऊन निघायचं, ते गुरुवारपर्यंत चालायचं, गुरुवारचं सोमवारपर्यंत. पाणी मोजूनमापून प्यायचं, केळं नाही, नारळपाणी नाही, डाळ भिजवून पाणी टाकून द्यायचं. बुधवारी संध्याकाळी त्यांचा चेहरा सुजलेला दिसायचा, श्वास भरून यायचा, आणि ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचे. त्या घरात 'गुरुवारलोक चालेल' असं मिक्सरबद्दल कोण म्हणणार?

त्यांनी नोकरी सोडली. उभं राहवत नव्हतं. याच काळात सिंकखालचा पाइप पुन्हा गळायला लागला. मुलीची परीक्षा संपली होती, तिने प्लंबर बोलावला. प्लंबरने जुनी ट्यूबची पट्टी सुरीने कापून काढली, सगळा पाइपच बदलला, नवा पांढरा लावला. हे खुर्चीत बसून पाहत होते. प्लंबर गेल्यावर म्हणाले, "मले सांगाचं होतं ना. बसून केलं असतं."

मुलगी फरशी पुसत होती. पुसता पुसता ती म्हणाली, "बाबा, गुरुवारी तुम्ही घरी नसता."

तिला तसं म्हणायचं नव्हतं. तिच्या तोंडून सवयीने गेलं. ती फडकं हातात धरून तशीच बसून राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. हे उठले, हळूहळू तिच्यापर्यंत गेले, पण खाली बसता येईना, म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. डावा हात. नंतर तिने मला सांगितलं की तिला त्या हाताची थरथर केसांतून कळत होती.

मूत्रपिंड देण्यासाठी पहिल्यांदा माझ्या तपासण्या झाल्या. त्यात मला साखर निघाली. माझं मूत्रपिंड घेता येणार नाही असं सांगितलं. त्या संध्याकाळी मुलगी म्हणाली की माझा रक्तगट बाबांचाच आहे. तिने सगळं वाचलं होतं, कोणाला विचारायचं तेही ठरवलं होतं. यांनी तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. एरवी ते कधी आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

"थे नाही," म्हणाले. "बाकी काही सांग."

ती बोलत राहिली, मी बोलले, बाईंनाही बोलावलं. बाई आल्या, बसल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि उठल्या. दारात मला म्हणाल्या, "त्यांचा निर्णय झाला आहे. आपण त्यांना आणखी थकवायला नको." अवयवदानातून कोणाचं मूत्रपिंड मिळतंय का, त्यासाठी नाव नोंदवलं. वाट पाहत राहिलो.

गुरुवारी मी क्लासमधून रजा घ्यायचे. सोमवारी मुलगी जायची, गुरुवारी मी. आत यंत्रं आणि पलंग, बाहेर लांब बाक आणि त्यावर आम्ही. तेच ते चेहरे. येरवड्याची एक बाई होती, तिचा नवरा रिक्षा चालवायचा, त्याच्या बाजूच्याच पलंगावर हे असायचे. मुळशीकडच्या गावातले एक म्हातारे बाबा आपल्या मुलाला घेऊन यायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "हाय, बरा हाय." मुलगा बरा नव्हता. आम्ही डबे उघडायचो, एकमेकींना भाजी द्यायचो, मिठाशिवायच्या पदार्थांच्या युक्त्या सांगायचो. यांचे कारखान्यातले मित्रही गुरुवारी सुट्टी असल्यामुळे तिथेच भेटायला यायचे. घरी कधी न आलेले लोक त्या बाकावर बसून माझ्याशी बोलले. एकदा बाई माझ्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी तो सगळा व्हरांडा नीट पाहून घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुमच्या दारात लोक कुठे आहेत म्हणून विचारत होते. ते इथे होते."

एका गुरुवारी म्हातारे बाबा आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. त्यांच्या मुलाच्या पलंगावर दुसराच कोणी होता. 

एक गोष्ट मात्र या सगळ्यात झाली. यांच्याशी मी पुन्हा आमच्या बोलीत बोलायला लागले. आधी कधी सुरू झालं ते लक्षातही आलं नाही. रिक्षात, बाकावर, सकाळी चहाच्या वेळी. 'काऊन जी, थंडी वाजते काय?' असं मी विचारायचे आणि त्यांचा चेहरा सैल व्हायचा. इतकी वर्षं मी त्यांच्याशी क्लासमधल्यासारखं बोलत होते आणि त्यांनी कधी काही म्हटलं नव्हतं. एकदा म्हणाले, "तू मायच्या घरून आल्यावानी बोलून राह्यली." मी म्हटलं, "बोलू नको का?" म्हणाले, "बोल ना." आणि डोळे मिटून घेतले. माहेरचे शब्द आठवून आठवून मी बोलत राहिले. कुठे कुठला विहिरीचा किस्सा, कुठे त्यांच्या आईची शिवी. ते हसायचे, मग दम लागायचा, मग मी गप्प.

पावसाळ्याच्या शेवटी त्यांना ताप आला. रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. अतिदक्षता विभागात हलवलं. ते रविवारी दुपारी गेले. वाराचा त्यात काही संबंध नव्हता. नंतर भेटायला आलेल्या एकाने विचारलं होतं की गुरुवारी का हो, तेव्हा मुलगी उठून आत गेली.

त्यांची शेवटची काही बोलणी आहेत, पण ती मी इथे लिहीत नाही. त्यांच्यात सांगण्यासारखं फार नव्हतं. पाणी दे, खिडकी उघड, पोरगी जेवली काय, अशीच होती.

घर सावरायला वेळ लागला. मुलीला हिंजवडीत नोकरी लागली. तिने एकेक करून सगळं नीट करून घेतलं. खिडकीला नवी कडी, नवा मिक्सर, नवा कुकर. मी नको म्हटलं नाही. तारा आणि रबरं जपून ठेवावीत असं मला कधी वाटलं नाही. तिलाही नाही. ती म्हणाली की बाबांनी ते सगळं बदलायचंच ठरवलं होतं.

बाई पुढच्या वर्षी बंगळुरूला मुलाकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांच्या मुलाने फोन करून कळवलं. मी तिकडे जाऊ शकले नाही. जाण्याआधी त्या आमच्याकडे बसून गेल्या होत्या. आमच्या इमारतीत आता सगळेच गुरुवारलोक म्हणतात, याचा त्यांना थोडा अभिमान होता. म्हणाल्या, "शब्द रुजला तुमच्या यजमानांचा. पण लोक तो 'लोक' माणसांचाच समजणार, त्याला आता इलाज नाही." मी म्हटलं समजू दे. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ धरून बसल्या. हात धरणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

आता घरात ती बोली बोलायला कोणी नाही. मुलीला कळते, पण तिला बोलता येत नाही. गावाकडून फोन आला की मी बोलते, मग फोन ठेवल्यावर काही वेळ माझ्या तोंडात ती राहते आणि जाते. मध्यंतरी वर्गात शिकवताना माझ्या तोंडून 'आतालोक' गेलं. मुलांना वाटलं मी चुकले, एकाने सुधारलंही. मी 'आतापर्यंत' म्हटलं आणि पुढे गेले.

हे गेल्यानंतर काही आठवड्यांनी मी एकदा त्या दवाखान्यात गेले होते. उरलेल्या औषधांचा एक डबा होता, न उघडलेली पाकिटं, कोणाला तरी उपयोगी पडतील म्हणून नर्सला द्यायची होती. क्लासला त्या दिवशी सुट्टी होती म्हणून गेले, गुरुवार आहे हे व्हरांड्यात शिरल्यावर लक्षात आलं. येरवड्याची बाई बाकावर होती. मला पाहून तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नेहमीसारखी जागा करून दिली. तिला माहीत होतं. तरी तिने जागा केली.

मी बसले. तिने डबा उघडला, मला अर्धी भाकरी दिली. आम्ही फार बोललो नाही. तिने विचारलं पोरगी कशी आहे, मी सांगितलं. आत यंत्रांचा आवाज येत होता. तिच्या नवऱ्याचं डायलिसिस संपल्यावर त्याला उभं राहायला त्रास व्हायला लागला, तेव्हा एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने मी धरलं आणि आम्ही त्याला खाली रिक्षापर्यंत नेलं. त्याने मला ओळखलं. "वहिनी, येत जा," म्हणाला. त्याच्या बायकोने त्याला गप्प बसायची खूण केली.

रिक्षा गेल्यावर मी रस्ता ओलांडला आणि वारज्याची बस पकडली. बसायला जागा मिळाली. घरी आले तेव्हा मुलगी लवकर आलेली होती, तिने कुकर लावला होता. कुठे गेली होतीस विचारलं तर मी सांगितलं. तिने दोन ताटं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.